वजन कमी, हवा जास्त: सायकल आदळते, हात बधिर होतात, ओल्यात चाक सुटतं

गोव्यात सायकल चालवणाऱ्या हलक्या माणसांची तक्रार जवळजवळ नेहमी एकाच साच्यातली असते. वजन पंचेचाळीस-पन्नास किलो. कॉलेजात जाणारी मुलगी, सकाळी व्यायामासाठी सायकल काढणारी गृहिणी, नाहीतर मुळातच काटक बांध्याचा माणूस. सायकल नवी किंवा नुकतीच दुरुस्त केलेली. "रस्त्यावरचा खडानखडा हातात जाणवतो. फोंड्याहून मंगेशीपर्यंत गेलं की तळवे बधिर. फर्मागुढीच्या उतारावर पुढचं चाक टणाटण उडतं, ब्रेक लावला तर मागचं फरफटतं. पाऊस पडून गेला असेल तर वळणावर भीतीच वाटते. आणि हो, हवा एकदम बरोबर आहे, परवाच भरून आणली."

मग ज्याला जे सुचतं ते तो सांगतो. जेलची सीट घ्या, हातमोजे घाला, हँडल उंच करा, शॉकअपवाली सायकल घ्या. पैसे जातात, थोडे दिवस बरं वाटतं, पुन्हा दुकानात हवा भरून आणली की पहिले पाढे पंचावन्न.

"हवा एकदम बरोबर आहे" हे वाक्य आधी तपासायला हवं. किती भरली असं विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. एक, टायरवर लिहिली आहे तेवढी. दोन, दुकानदारानं अंगठ्यानं दाबून बघितली. हलक्या माणसासाठी दोन्ही उत्तरं चुकीची आहेत.

टायरवरचा आकडा काय सांगतो

टायरच्या कडेला 'मॅक्स ६५ पीएसआय' (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) असं उठावदार अक्षरात असतं, ती कमाल मर्यादा. टायर त्याहून जास्त दाब सोसेल याची हमी कंपनी देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सायकलवर कोण बसणार हे टायर बनवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्याच टायरवर नव्वद किलोचा माणूस मागे पोरगा घेऊन बसेल आणि त्याच टायरवर चाळीस किलोची मुलगी रिकाम्या हातानं शाळेत जाईल. आकडा दोघांना एकच छापलेला.

काही टायरांवर '४० ते ६५' असा पट्टा छापलेला असतो. त्यातला खालचा आकडा मात्र पाळायचा. त्याखाली गेलात तर टायर रिमवर सरकू शकतो. हलक्या माणसाचं उत्तर बहुतेक वेळा या खालच्या आकड्याच्या आसपासच असतं.

अंगठा पदेराच्या सायकलीवर तयार झालेला

दुकानदाराला दोष देण्याआधी त्याचा अंगठा कुठे शिकला ते बघा. गोव्यात वर्षानुवर्षं सायकल रोज चालवणारं गिऱ्हाईक म्हणजे पदेर, घरोघर पाव विकणारा. आता बरेचसे पदेर स्कूटरवर आले, पण पहाटे भोंगा वाजवत येणारी सायकल अजून गावागावांत आहे. मागच्या कॅरिअरवर पाव, उंडे, पोई यांनी भरलेली टोपली, खाली लोखंडी सांगाडा, पुढे भक्कम माणूस. सायकलीसकट सव्वाशे किलो धरा, आणि त्यातला मोठा हिस्सा मागच्या चाकावर. त्याला हवा दगडासारखी लागतेच. नाहीतर पहिल्याच चढावर टायर बसेल. गॅसचे सिलिंडर नेणारे, मासळी विकणारे, सगळ्यांची तीच गरज होती.

त्या अंगठ्याखाली तुमची सायकल आली की तीही दगड होते. वर तो प्रेमानं सांगतो, "बाय, कडक भरली आहे, आता महिनाभर बघायला नको." त्याच्या बाजूनं ते खरंही आहे. महिनाभर न बघणाऱ्या गिऱ्हाइकासाठी जास्त हवा ही सोय आहे. फक्त ती सोय पहिले पंधरा दिवस तुमच्या मनगटातून वसूल होते.

शिवाय अंगठ्यानं रुंद टायरमधला ४५ आणि ६५ यांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही. अरुंद टायर तर ६० च्या पुढे सगळाच कडक लागतो.

हिशेब

हिशेब सोपा आहे आणि तो एकदा कागदावर मांडला की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. चाकावर पडणारं वजन भागिले टायरमधला दाब, म्हणजे ढोबळमानानं टायर रस्त्याला जेवढ्या जागेत टेकतो ते क्षेत्रफळ. १ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.०७ किलो.

सायकल १५ किलोची धरू. साध्या बैठकीत एकूण वजनाचा साधारण ६० टक्के भाग मागच्या चाकावर येतो, ४० टक्के पुढच्या. ८० किलोचा माणूस बसला तर एकूण ९५, मागे ५७ किलो. टायरमध्ये ६० पीएसआय असेल तर टेकणारी जागा साडेतेरा चौरस सेंटिमीटर. त्याच सायकलवर ४५ किलोची व्यक्ती बसली तर एकूण ६०, मागे ३६ किलो, आणि टेकणारी जागा साडेआठ. एक तृतीयांशाहून जास्त टेकणारी जागा गेली, आणि टायर दबतच नसल्यामुळे खड्ड्याचा धक्का थेट सीटवर. त्या माणसाइतकीच जागा या व्यक्तीला हवी असेल तर ६० च्या ठिकाणी ३८ पुरतात.

म्हणजे दाब एकूण वजनाच्या प्रमाणात कमी करायचा. एकूण वजन असं मुद्दाम म्हणतो, कारण पुष्कळजण फक्त माणसाचं वजन धरतात. माझं वजन नवऱ्याच्या निम्मं, म्हणून हवा निम्मी, हे गणित चुकतं. सायकल दोघांनाही तेवढीच जड आहे, आणि आपल्याकडच्या गिअरवाल्या स्वस्त सायकली १६-१८ किलोंच्या असतात. दप्तर, पाण्याची बाटली, कुलूप हेही त्यात धरायचं.

६०-४० हा अंदाज आहे. नेमकं हवं असेल तर घरातला वजनकाटा घ्या. मागचं चाक काट्यावर, पुढचं चाक काट्याएवढ्याच उंचीच्या फळीवर, भिंतीचा हलका आधार घेऊन नेहमीसारखं बसा, कोणाला तरी काटा वाचायला सांगा. मग चाकं अदलून पुढचं वजन घ्या. सरळ बसायच्या लेडीज सायकलीवर मागचा वाटा ६० हून जास्त निघतो, वाकून चालवायच्या सायकलीवर कमी.

सुरुवात कुठून करावी

४५ ते ५० किलोची व्यक्ती, सामान नाही, साधी ट्यूब, आपले नेहमीचे रस्ते. टायरची रुंदी टायरच्याच कडेला वाचा, सायकलीच्या जाहिरातीत नको.

२६, २७.५ किंवा २९ इंची, रुंदी १.९५ ते २.१: मागे ३२ ते ३५, पुढे २८ ते ३०.
२६ × १⅜, म्हणजे जुन्या लेडीज सायकलीचा: मागे ४५, पुढे ४० च्या आसपास.
७०० × ३५ ते ३८: मागे ४५ ते ४८, पुढे ३८ ते ४२.
७०० × २८: मागे ६५ ते ७०, पुढे ५५ ते ६०.
७०० × २५: मागे ७५ ते ८०, पुढे ६५ ते ७०.

हे आकडे सुरुवातीचे आहेत. टायरवर ४० ही खालची मर्यादा छापली असेल तर पहिल्या ओळीतल्यांनी दोन्हीकडे ४० वर थांबावं. ६५ वरून ४० वर आलात तरी फरक पहिल्या गतिरोधकावर कळेल. पुढे आणि मागे सारखी हवा भरायची सवय मात्र सोडा. पुढच्या चाकावर वजन कमी असतं आणि हाताला मुंग्या आणणारं तेच चाक आहे.

बरोबर बसलं का हे तपासायची एक जुनी पद्धत आहे. अमेरिकेतले सायकलतज्ज्ञ फ्रँक बर्टो यांनी टायर ओझ्याखाली किती दबतो ते मोजून काढलं आणि टायरच्या उंचीच्या १५ टक्के दबणं हे चांगलं मध्यममान ठरवलं. घरी करायचं असेल तर रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा, आधी रिकाम्या सायकलीवर, मग बसून. रिकामं असताना ४० मिलिमीटर आणि बसल्यावर ३४ भरलं तर १५ टक्के झाले. ३९ भरलं तर टायर अजून पदेराचाच आहे. ही पट्टीची पद्धत विशेषतः जुन्या वॉलच्या (वॉल म्हणजे ट्यूबचं हवा भरायचं तोंड) सायकलींना उपयोगी पडते, त्याबद्दल पुढे.

"पण हवा कमी केली की सायकल जड जाते ना?" हा प्रश्न नक्की येतो. गुळगुळीत फिरत्या लोखंडी ड्रमवर टायर तपासला तर जास्त हवेचा टायर हलका फिरतो, हे खरं. पण रस्ता म्हणजे ड्रम नव्हे. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खडीवर सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतो, आणि ती उचलायची ताकद तुमच्याच पायांतून जाते. एका मर्यादेपलीकडे हवा वाढवली की सायकल जड होत जाते. हलक्या माणसाची ही मर्यादा लवकर येते. नुकतंच हॉटमिक्स केलेल्या रस्त्यावर ही गोष्ट ध्यानात येत नाही. पाइपलाइनसाठी खणून कसाबसा बुजवलेला गावातला रस्ता घ्या, लगेच येईल. वजन कमी असलेल्यांना कडक टायरचा वेग बऱ्याचदा भासमान असतो, सायकल थरथरते म्हणून जोरात चालल्यासारखी वाटते.

हवा कमी केली आणि पंक्चर वाढली

हवा कमी करा म्हटलं की चार दिवसांनी ही तक्रार येणारच. इथे घाईनं पुन्हा ६५ वर जाऊ नका, आधी ट्यूब बघा. भोक कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून पंक्चर काढताना वॉल टायरवरच्या नावासमोर ठेवूनच टायर बसवायची सवय लावा, म्हणजे ट्यूबमधलं भोक टायरवर कुठे येतं ते लगेच सापडतं.

शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर हवा खरोखर कमी पडली. खड्ड्याच्या कडेवर टायर पूर्ण दबला, ट्यूब रिम आणि कड यांच्यात चिमटली. दोन-तीन पीएसआय वाढवा, आधी मागच्या चाकात. पण त्याआधी स्वतःला विचारा की तो खड्डा किती मोठा होता आणि तुम्ही सीटवर बसून होतात की पेडलवर उभ्या राहिलात. गतिरोधकावर, पुलाच्या सांध्यावर, गटाराच्या जाळीवर पेडल समपातळीत ठेवून सीटवरून जरा उठलं की कमी हवेतही ट्यूब वाचते. वजन कमी असणाऱ्यांना हे सोपं जातं. जड माणसाला जी चूक महाग पडते ती तुम्हाला स्वस्तात सुटते.

एकच भोक, आणि तेही ट्यूबच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला? मग हवेचा काही संबंध नाही. काटा, काच नाहीतर तार. पर्यटकांच्या पट्ट्यात रविवारच्या रात्रीनंतर रस्त्याच्या कडेला बाटल्यांच्या काचा पडलेल्या असतात, आणि हमरस्त्यावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या पोलादी तारा. ही तार टायरमध्ये रुतून बसते, बाहेरून दिसत नाही आणि आतून बोट फिरवलं तरच टोचते. ती काढली नाही तर पॅचवर पॅच लागत राहतो आणि खापर हवेवर फुटतं. बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवा, तार असेल तिथे तो अडकतो.

भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर प्रकरण उलटं आहे. ते जास्त हवेचं लक्षण असू शकतं. रिमवर चाकाच्या तारांची (स्पोकची) टोकं झाकणारी रबरी किंवा कापडी पट्टी असते. ती सरकली, कुजली किंवा अरुंद पडली की कडक फुगलेली ट्यूब तारेच्या भोकात घुसते आणि तिथे फाटते. आपल्याकडे चार महिने ओल असते. स्वस्त सायकलीतली पातळ पट्टी आकसते, तारांची टोकं गंजून खरखरीत होतात. पट्टी बदला, टोक वर आलं असेल तर कानस मारून घ्या. या एका कारणानं महिन्याला दोन-तीन पंक्चर सोसणारे लोक आहेत, आणि दर वेळी त्यांना 'हवा जरा कमीच होती' असं ऐकवलं जातं.

वॉलच्या बुडाशी ट्यूब फाटली तर बघा, वॉल तिरपा होता का? तिरपा म्हणजे टायर रिमवर सरकतोय, म्हणजे हवा खरंच फार उतरली होती. वॉल सरळ असूनही तिथेच फाटत असेल तर पंप मारताना तो हिसकला जातोय. एका हातानं वॉल धरून पंप मारा.

दर आठवड्याला हवा उतरते

थोडी उतरणारच. साध्या ट्यूबच्या रबरातून हवा हळूहळू झिरपते. रुंद टायरमध्ये हवा जास्त असल्यामुळे ती गळती जाणवत नाही, अरुंद टायरमध्ये आठवड्यात कळण्याइतकी उतरते. म्हणून रुंद टायरवाल्यांनी दोन आठवड्यांतून एकदा आणि २५-२८ वाल्यांनी आठवड्यातून एकदा पंप लावावा. बरोबर दाब ठेवायचा असेल तर महिनाभर न बघायची चैन नाही.

रात्रीत उतरत असेल तर गळती. वॉलच्या तोंडावर थुंकी किंवा साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर वॉल गेला. मोटारसायकलीसारख्या जाड वॉलच्या आतली पिन घट्ट करून बघा. बारीक, टोकदार प्रेस्टा वॉलचा वरचा छोटा नट हवा भरल्यावर परत आवळायला अनेकजण विसरतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी टोपणं हरवू देऊ नयेत, खारी धूळ आत गेली की पिन नीट बसत नाही.

जुन्या सायकलींच्या वॉलचं वेगळंच आहे. त्यात रबराची बारीक नळी असते, वालट्यूब. ती उन्हानं चिरते, तेलानं फुगते, आणि मग रोज सकाळी टायर खाली. बदलायला फार तर काही रुपये लागतात, तरी लोक आख्खी ट्यूब बदलून घेतात. या वॉलमध्ये आणखी एक अडचण आहे. आतली हवा बाहेर गेजपर्यंत येतच नाही, नळी तिला अडवते. पंपावरचा काटा जो आकडा दाखवतो त्यात नळी उघडायला लागणारा जोरही मिसळलेला असतो, म्हणून तो खऱ्याहून जास्त दिसतो. अशा सायकलीला काट्यावर विश्वास न ठेवता वर सांगितलेली पट्टीची पद्धत वापरा. एकदा १५ टक्क्यांवर आणून ठेवली की तो कडकपणा अंगठ्यानं लक्षात ठेवा. आता तो अंगठा तुमच्या वजनावर तयार झालेला असेल.

गेजचा घोळ

पायपंपावरचा काटा शून्यापासून १६० पर्यंत असतो. त्यावर ३० आणि ३५ यांत जेमतेम एक रेघ. ८० किलोच्या माणसाला पाच पीएसआय इकडचे तिकडे झाले तर कळत नाही, तुम्हाला कळतात, कारण तुमचा आकडाच लहान आहे, ३० मध्ये पाच म्हणजे सहावा हिस्सा. रुंद टायर असेल तर शून्य ते ६० मापाचा वेगळा छोटा गेज घ्या. तो खरा की खोटा याची फार चिंता नको. रोज तोच वापरा आणि तुमचा आकडा त्या गेजचा आकडा समजा.

पंपाचं तोंड काढताना 'फुस्स' होतं ती हवा बहुतांशी पंपाच्या नळीतली असते. ती भरून काढायला म्हणून वर पाच पीएसआय जास्त भरायची गरज नाही. वेगळा गेज लावून बघताना मात्र खरोखरच थोडी हवा जाते, अरुंद टायरमध्ये एखाद-दोन पीएसआय.

पेट्रोल पंपावर

जाड वॉल असेल तरच तिथे जमेल, किंवा प्रेस्टाला पितळी अडॅप्टर लावून. कॉम्प्रेसरची टाकी मोटारी आणि ट्रकसाठी असते, सायकलीच्या टायरात हवा मावते मूठभर. नोझल दोन सेकंद जास्त दाबलं गेलं की टायर रिमवरून उडतो आणि कानठळ्या बसतात. काही डिजिटल यंत्रं एवढा लहान टायर ओळखतच नाहीत, नुसती 'टी टी' करत बसतात. नाइलाज असेल तर नोझल स्वतः हातात घ्या, क्षणभर दाबा, सोडा, बघा, पुन्हा दाबा. गंमत अशी की रुंद टायर आणि हलका माणूस असेल तर मोटारीसाठी लावून ठेवलेला ३० ते ३५ हा आकडाच तुम्हाला जवळपास लागू पडतो.

पावसात

चार महिन्यांसाठी रुंद टायरमध्ये दोन-तीन आणि अरुंद टायरमध्ये पाचेक पीएसआय आणखी उतरवा, फक्त टायरवर छापलेल्या खालच्या आकड्याखाली जाऊ नका. टेकणारी जागा वाढते आणि टायर खडीच्या दाण्यांभोवती नीट बसतो. टायर पाण्यावर तरंगेल अशी भीती काहीजण घालतात, ती मोटारीची गोष्ट आहे. सायकलीचा टायर अरुंद आणि गोल असतो, आपल्या वेगाला तो पाणी बाजूला सारतोच.

पण हवेकडून नको त्या अपेक्षा ठेवू नका. कडेला साचलेला तांबड्या मातीचा पातळ चिखल, झाडांखालचं शेवाळ, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फेरीबोटीचा ओला लोखंडी रॅम्प. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला जाताना तो रॅम्प आणि धक्क्याचा तिरका उतार एकत्र येतात. कुठल्याही दाबाला तिथे पकड मिळत नाही. उतरून सायकल हातानं न्यावी. दिवाडीत पोचल्यावर शेतांमधला रस्ता कमी हवेवर मजेत होतो.

ब्रेक लावल्यावर मागचं चाक फरफटण्याची जी तक्रार सुरुवातीला होती ती पावसात दुपटीनं येते. हलक्या माणसाच्या मागच्या चाकावर मुळात वजन कमी, ब्रेक लावला की तेही पुढे सरकतं, आणि टायर कडक असेल तर तो रस्त्यावर टिकण्याऐवजी उड्या मारतो. हवा उतरवून बघा आणि ब्रेक लावताना शरीर थोडं मागे न्या. तरीही फरफटत असेल तर टायर घासून गुळगुळीत किंवा जुना होऊन रबर टणक झालाय का ते पाहा.

उन्हात

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सायकल उन्हात लावली तर टायर फुटेल का? टायर २० अंशांनी तापला तर ६० चे साधारण ६५ होतात, ४० चे ४४ सुद्धा धड होत नाहीत. धड टायर एवढ्यानं फुटत नाही. फुटतो तो ज्याची कड आधीच कुजली होती किंवा जो आधीच मर्यादेच्या टोकापर्यंत भरला होता. तुम्ही मर्यादेच्या निम्म्यावर असाल तर काळजी नको. सकाळी, सायकल सावलीत असताना मोजा, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतील.

ओझं बदललं की

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं सामान, नारळ, केळीचा घड कॅरिअरवर बांधला तर दहा किलो सहज होतात, आणि ते जवळपास सगळे मागच्या चाकावर जातात. वरच्या हिशेबातले ३६ किलो ४६ झाले, म्हणजे मागे ३५ ऐवजी ४४-४५ लागतील. पुढे हात लावू नका. कॅरिअरवर मूल बसवत असाल तर तसंच. मूल उतरवल्यावर हवा सोडायला आळस होतो हे मान्य, पण रोज शाळेत सोडायचं असेल तर मधला आकडा धरण्यापेक्षा ओझ्याचा आकडा धरा. रिकामं परतताना थोडं आदळेल, ट्यूब तरी चिमटणार नाही.

घरातली सायकल दोघे वापरत असतील तर तीच गोष्ट. वडील चालवतात त्या हवेवर मुलगी चालवते आणि सायकल उडते म्हणून ती कोपऱ्यात पडते. पंप सायकलीजवळच ठेवा आणि दोघांचे आकडे भिंतीवर खडूनं लिहा.

शाळकरी मुलांचं तर याहून सोपं आहे. तीस किलोचं पोर, २० इंची रुंद टायर: टायरवरची खालची मर्यादा आड येत नसेल तर २५ च्या आसपास पुरे. दुकानातून ५० भरून आणलेल्या सायकलीवर ते पडलं की आपण म्हणतो पोराला सायकल जमत नाही.

पंक्चर काढल्यावर दुकानदार टायर कडक भरून देईल तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका. टायर रिमवर चारी बाजूंनी सारखा बसण्यासाठी एकदा जास्त हवा भरावी लागतेच, ते त्याचं बरोबर आहे. चाक फिरवून कडेची रेघ सगळीकडे सारखी दिसते का बघा, घरी या, वॉलची पिन दाबून हवा सोडा आणि आपल्या आकड्यावर आणा. प्रेस्टा असेल तर आधी वरचा नट सैल करा, नाहीतर दाबत बसाल आणि हवा जायची नाही.